उत्तरेचा बाण

माझ्या नवऱ्याने आमच्या चाकांवरच्या घराचा पहिला नकाशा काढला, तेव्हा त्याच्या वरच्या कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण होता, आणि मी त्यावर पोट धरून हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे काही झालं त्यात मला स्वतःची सर्वांत जास्त चीड येते ती त्या हसण्याची.

ते इमारती आणि रस्ते खात्यात ड्राफ्ट्समन होते. चौतीस वर्षं त्यांनी पूल काढले. मोठे, फोटोत येणारे पूल नव्हेत. ओढ्यावरचे, नाल्यावरचे, दोन गाळ्यांचे, तीन गाळ्यांचे, ज्यावरून बस गेली तरी आतल्या माणसाला आपण पूल ओलांडला हे कळत नाही असे. इंजिनिअर जागेवर जात, कंत्राटदार जात, नारळ फोडायला आमदार जात. ड्राफ्ट्समन कुठेच जात नाही. एका टेबलावर वाकून त्यांनी अर्ध्या राज्याचं पाणी अडू न देता पलीकडे नेलं आणि त्यातला एकही पूल डोळ्यांनी पाहिला नाही. निवृत्त झाल्यावर आठवतील तेवढ्या पुलांची त्यांनी एका वहीत यादी केली आणि मला म्हणाले, "तू मोकळी झालीस की हे बघायला जायचं. सगळे. दुसरं मला काही नको."

मी तेव्हा जामबागेतल्या मराठी शाळेत भूगोल शिकवत होते. शेवटी शेवटी वर्गात अकरा मुलं उरली होती आणि त्यातली निम्मी घरी तेलुगू बोलत. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. आम्हाला मूलबाळ नाही, कोणासाठी थांबायचं नव्हतं. माझी शाळा सुटली की निघायचं, असं ठरलं.

पण जायचं कसं? पूल सगळे आतल्या रस्त्यांवर. तिथे लॉज नाही, धड चहाची टपरी नाही. त्यात त्यांना तासातासाला लघवीला जावं लागायचं आणि या वयात झाडाआड बसायला ते तयार नव्हते. मग फोनवर बघून बघून त्यांनी एक दिवस मला दाखवलं. पिकअपच्या हौद्यात एक जाडजूड लोखंडी थाळी बसवायची, ट्रेलरचं पुढे आलेलं नाक त्या थाळीवर टेकवायचं आणि घर ओढत न्यायचं. त्या थाळीला फिफ्थ व्हील म्हणतात.

"पाचवं चाक, आणि ते चाकच नाही," मी म्हटलं. "तुमच्या खात्याने नाव ठेवलेलं दिसतंय."

"अगं, बंडी वळताना सगळा भार त्याच्यावर असतो," ते म्हणाले. गाडीला ते बंडीच म्हणत, इथे सगळे म्हणतात तसं.

आपल्याकडे असे ट्रेलर विकत मिळत नाहीत, बनवून घ्यावे लागतात. शहराबाहेर, रिंगरोडच्या पलीकडे, लॉऱ्यांच्या बॉडी बांधणारे एक जण सापडले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. साठीचा माणूस, डोळ्यांच्या कडा वेल्डिंगने लाल झालेल्या. घर बांधलंय का कधी, असं मी विचारलं तर म्हणाले, "घर नै बनाया अम्मा. दवाखाना बनाया, बिर्यानी की गाडी बनाया. इसमें इन्सानां सोते, बस येइच फरक है ना?"

तर पहिला नकाशा. तो त्यांनी ट्रेसिंग पेपरवर शाईने काढला होता. जुनी सवय, कॉम्प्युटरवर काढतील तर शपथ. बावीस फूट लांबी. पिकअपच्या वर येणाऱ्या नाकाडात पलंग, तिथे चढायला तीन पायऱ्या. मधे ओटा आणि जेवायची घडीची फळी. पाण्याची टाकी बरोबर चाकांच्या आसावर, म्हणजे गाडी डुलायला नको. मागे संडास-मोरी. दार डाव्या अंगाला, मागे. कागदाच्या उजव्या कडेला बारीक अक्षरात सूचना, खात्यात लिहायचे तशा, नंबर घालून. तो मोठा कागद उस्तादकडे गेला. माझ्यासाठी आबिड्सच्या दुकानातून त्याची छोटी झेरॉक्स आली, तिच्यात सूचनांची कड कापली गेली होती. मला कुठे पत्र्याची जाडी वाचायची होती?

मला दिसला तो बाण. तोसुद्धा गाडीच्या मागच्या बाजूला रोखलेला.

"अहो, ही हलणारी गाडी आहे," मी म्हटलं. "आज तोंड आदिलाबादला, उद्या अनंतपूरला. उत्तर कुठली आणलीत तुम्ही?"

"नकाशाला उत्तर लागते गं," ते म्हणाले आणि हसले.

झालं. मला गंमतच मिळाली. शाळेत सांगितलं, भावाला फोनवर सांगितलं, भाजीवालीला सांगायचं तेवढं ठेवलं. उस्तादसमोर सांगितलं तेव्हा तेही हसले, "चलती गाडी कू क्या शुमाल, क्या जुनूब साब?" शुमाल-जुनूब म्हणजे उत्तर-दक्षिण. हे आमच्या हसण्यात हसत राहिले. समजावून सांगणं त्यांना कधी जमलंच नाही. काही म्हणायचं असलं की ते कागदावर लिहीत, आणि आपण लिहिलंय म्हणजे समोरच्याने वाचलंय असं धरून चालत. लग्नाच्या पहिल्या वर्षात माझ्या माहेरी किती दिवस राहायचं हेसुद्धा त्यांनी चिठ्ठी लिहून विचारलं होतं, मी शेजारच्या खोलीत असताना.

नंतर माझी पाळी. घर पाहावं बांधून म्हणतात. चाकावरचं असलं म्हणून काय, बाईचं ओट्यावरून अडणारच. त्यांनी ओटा आडवा काढला होता, मला तो खिडकीला लागून हवा होता. पोळ्या लाटताना भिंतीकडे तोंड करून मी एकोणचाळीस वर्षं काढली आहेत, निदान आता बाहेर दिसू दे, असं माझं म्हणणं. शिवाय उंची माझ्या कोपराखाली चार बोटं, एक बोट जास्त नाही. उस्ताद म्हणाले, ओटा, शेगडी, सिलिंडर सगळं एका अंगाला गेलं तर गाडी कलते. मग टाकी हलवा. टाकी हलवली तर मोरी हलवा. मी म्हटलं, हलवा. दर वेळी नवा नकाशा, दर नकाशाला दीड-दोन महिने. अख्खा पावसाळा माझ्या ओट्यात गेला.

एकदा ते वैतागले. "तुझ्या एकेका हट्टापायी माझी उभी हयात गेली," म्हणाले. "नारायणगुड्याच्या फ्लॅटमध्ये पलंग अजून दारात आडवा येतो, पायाचा अंगठा फुटतो माझा. का तर तुला उत्तरेला डोकं चालत नाही."

"नाहीच चालत," मी म्हटलं.

"भूगोलाची मास्तरीण!" ते म्हणाले, आणि पुन्हा रबर घेऊन बसले.

दुसऱ्या नकाशात दार उजव्या अंगाला गेलं होतं. ते उस्तादच्या लक्षात आलं. "साब, सीधे हात कू दरवाजा? अम्मा उतरे की सीदा लॉरी के नीचे." आपण डावीकडून चालतो, उतरायचं तेही डावीकडे. हे म्हणाले, अरे हो की, आणि तिथल्या तिथे खोडून दुरुस्त केलं. मी म्हटलं, अमेरिकेतले नकाशे बघून काढतात, तिकडे दारं त्या बाजूला असतात, चुकून उतरलं असेल. मी स्वतःच कारण शोधलं आणि स्वतःलाच पटवलं. तिसऱ्या नकाशात दार पुन्हा उजवीकडे. चौतीस वर्षं रस्त्याचं काम केलेला माणूस, रस्त्याच्या कोणत्या अंगाला उतरायचं हे दोनदा चुकला, आणि मी त्या वेळी खिडकीच्या गजांवरून भांडत होते.

दिवाळीनंतर एकदा ते झेरॉक्स काढायला आबिड्सला गेले ते चार तास आले नाहीत. ज्या माणसाचा जन्म जामबागेतला, ज्याला कोठीपासून नारायणगुड्यापर्यंतची प्रत्येक गल्ली बंद डोळ्यांनी येते, तो मोठ्या पोस्टाच्या पायऱ्यांवर गुंडाळी मांडीवर घेऊन बसला होता. एका रिक्षावाल्याने त्यांच्या खिशातल्या फोनवरून मला फोन केला. घरी आल्यावर म्हणाले, "ऊन लागलं जरा." डिसेंबर होता.

गुंडाळीत चौथा नकाशा होता. मी तो जेवणाच्या टेबलावर पसरला. पलंग होता, ओटा माझ्या मनासारखा खिडकीशी होता, मोरी होती, टाकी होती. दार नव्हतं. सगळ्या बाजूंनी सलग रेघ, सुबक, जराही न हललेली. मी दोन्ही बाजूंनी बोट फिरवून पाहिलं.

डॉक्टरांकडे गेलो. तपासण्या झाल्या, डोक्याचा फोटो झाला. आजाराचं नाव इथे लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे ते, घरोघरी कोणी ना कोणी आहे. डॉक्टर तरुण होते, माझ्याकडेच बघून बोलत होते. आधी काय जाणवलं, असं त्यांनी विचारलं. पहिली खूण कोणती?

मी एका क्षणाचाही विचार केला नाही. म्हटलं, साहेब, हे ड्राफ्ट्समन, आणि यांनी चालत्या गाडीच्या नकाशाला उत्तरेचा बाण काढला. तेव्हा आम्ही हसलो, पण तेव्हापासूनच असणार.

डॉक्टर लिहू लागले. हे शेजारच्या खुर्चीत होते. "तो बाण..." ते म्हणाले, "तो मी..." आणि शब्द सापडेना म्हणून थांबले. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "राहू द्या. मी सांगते." आणि सगळं मीच सांगितलं. दाराचं मात्र राहून गेलं. ते मला घरी आल्यावर आठवलं.

भावाने सांगितलं, आता ते ट्रेलरचं खूळ सोड. बरोबरच होतं त्याचं. पण हे रोज सकाळी वही काढत आणि यादीतल्या पहिल्या पुलावर बोट ठेवून विचारत, "कधी निघायचं?" पहिला पूल आदिलाबादच्या बाजूचा होता, तीन गाळ्यांचा. त्याची गोष्ट मला पाठ होती. कठड्याच्या दोन्ही टोकांना त्यांनी कोणाला न विचारता एक बुटकी, बसण्याजोगी पायरी काढली होती. डोक्यावर भारे घेऊन येणाऱ्या बायका टेकतील म्हणून. इंजिनिअरने न बघता सही केली. ती पायरी खरंच बांधली का, आणि त्यावर कोणी बसतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर ठीक असतील, कदाचित कमी. म्हणजे तो पूल आपला आहे हे कळतंय तोवर त्यांना तिथे न्यायला हवं होतं. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

टॅक्सी करून का नेलं नाही? हा प्रश्न मला कोणी विचारला नाही, मीच मला विचारते. सकाळी निघालो असतो तर संध्याकाळी पुलावर असतो. पण तेव्हा अर्धा ट्रेलर उभा होता, आणि यांचं म्हणणं, पहिला पूल बघायला आपल्या घरातून जायचं. मलाही वाटलं, दोन महिन्यांत होईल. उस्तादला तगादा लावला. पण नकाशा पुन्हा बदलावा लागला आणि दोनाचे चार महिने झाले.

या वेळी नकाशा मी काढला. त्यांच्या फळीवर, त्यांच्या पट्टीने. ते शेजारी बसून मला पेन्सिलींना टोकं करून देत. एवढं त्यांना नीट येत होतं, आणि गरजेपेक्षा जास्त पेन्सिली झाल्या तरी मी नको म्हटलं नाही. नाकाडातला पलंग खाली आणला, कारण तीन पायऱ्या आता धोक्याच्या. उशाची बाजू पुढेच ठेवली. वरच्या जागेत सामान. सगळे कोपरे गोल. आरसा काढून टाकला, कारण आरशातल्या माणसाला ते कधीकधी "या, बसा" म्हणत आणि तो बसत नाही म्हणून रागावत. शेगडीला कुलूप. खिडकीशेजारचा ओटा मी आपण होऊन रद्द केला आणि भिंतीला लावला, कारण खिडकीशी मी उभी राहिले तर माझी पाठ त्यांच्याकडे येत होती. पावसाळाभर ज्यासाठी भांडले ते एका रेघेत गेलं.

राहिलं दार. उस्तादला मी म्हटलं, दाराला कडी बाहेरूनही हवी.

"बाहेर से कैकू अम्मा? चोरां का डर है तो अंदर से डालता मैं, मजबूत."

"चोरांसाठी नाही," मी म्हटलं. मी पाण्याला खाली उतरले तर मागून ते निघून जायला नकोत, एवढं साधं होतं ते, पण मला म्हणवेना. त्यांनी शेडच्या सावलीत स्टुलावर बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. मग खडूने दारावर कडीची जागा आखली. जनावरांच्या गाडीला लावतात तशी कडी होती ती, दुसरी त्यांच्याकडे नव्हती. रंग मात्र त्यांनी तिला दाराचाच दिला.

मार्चमध्ये ट्रेलर तयार झाला. मी एकटी बघायला गेले, शेजारीण यांच्यापाशी बसली होती. उस्तादने सगळं उघडून दाखवलं. मग ऑफिसमधून ती पहिली गुंडाळी आणली, शाईचा मोठा कागद. काम सगळं त्यावरूनच झालं होतं, नंतरचे बदल त्यांनी लाल पेन्सिलीने त्यावरच चढवले होते. कागदाला तेलाचे डाग होते, कडा मऊ पडल्या होत्या.

"अम्मा, साब के छे नंबर तक पूरा करा मैं," ते म्हणाले. "ये सात नंबर बाकी है. मराठी में लिखे सो है, मेरेकू नै आती. लोहे का काम है तो अब्बीच बोल दो, वेल्डिंग चालूच है."

सहा सूचना इंग्रजीत होत्या, खात्याच्या भाषेत. अँगल, पत्रा, टाकीचा उतार. सातवी बाणाच्या बरोबर खाली होती, पट्टी लावून लिहावं तशा सरळ, बारीक मराठी अक्षरात. मी चष्मा लावला.

"७. मुक्कामी गाडी लावताना बाण पाहावा. गाडीचं नाक दक्षिणेला येईल अशीच लावणे. हिचं डोकं उत्तरेला येता कामा नये. जागा अडचणीची असल्यास हिला विचारू नये. ती असू दे म्हणेल आणि रात्रभर जागी राहील."

मी नऊ वर्षांची होते तेव्हा माझ्या वडिलांना आमच्या घरात तसं निजवलेलं मी पाहिलं, उत्तरेला डोकं, दक्षिणेला पाय. माणसाला तसं एकदाच निजवतात. मी देवभोळी नाही, मुलांना मी लोहचुंबक हातात देऊन दिशा शिकवल्या आहेत. पण त्या बाजूला डोकं केलं की मला झोप येत नाही. ही गोष्ट मी नवऱ्याला लग्नानंतर एकदाच सांगितली होती. त्यानंतर भाड्याच्या खोल्या बदलल्या, फ्लॅट घेतला, त्यांच्या बहिणींकडे राहिलो, लॉजमध्ये उतरलो. प्रत्येक ठिकाणी पलंग सरकवलेला असायचा. मी कधी त्याची दखलही घेतली नव्हती.

"क्या लिखे अम्मा?" उस्तादने विचारलं.

मी हिंदीत सांगितलं. माझी हिंदी बरी आहे, पण मधेच थांबावं लागलं. उस्तादने टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "हम लोगां हँसे ना इस पे." मी तिथेच एका उलट्या घातलेल्या डब्यावर बसून रडले. दुःखाने कमी आणि रागाने जास्त. ज्या कागदावर ते सर्वांत शहाणे होते त्यालाच मी त्यांच्या वेडाची पहिली खूण म्हणून लिहवून आले होते. त्यांनी सांगायला तोंड उघडलं तर गुडघ्यावर हात ठेवून गप्प केलं होतं. डॉक्टरांच्या फायलीत तो बाण अजून तसाच आहे.

घरी येऊन मी त्यांना कागद दाखवला. म्हटलं, "हे तुम्ही माझ्यासाठी लिहिलंत." त्यांनी अक्षरावरून बोट फिरवलं. "हात चांगला आहे," म्हणाले. "नवीन भरती झालाय का कोणी?"

शाळा मी मुदतीआधीच सोडली होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघालो. पहिली खेप मीच चालवतो, दुसऱ्याच्या हातात देणार नाही, असं उस्ताद म्हणाले. हे मधल्या सीटवर, वही मांडीवर. यादी वाचत नव्हते, नुसती धरली होती. वाटेत दोनदा त्यांनी मला विचारलं की आपण ऑफिसला चाललोय का. मी हो म्हटलं. मला वाटत होतं, पूल दिसला की काहीतरी उजळेल. असं होतं म्हणे कधीकधी, लोक सांगतात.

दुपार कलताना पोहोचलो. ओढ्याला पाणी नव्हतं, दगड तेवढे होते. तीन गाळे. कठड्याचा रंग उडालेला. आणि टोकाला ती पायरी होती. बुटकी, बसून बसून गुळगुळीत झालेली, आणि तिच्यावर एक म्हातारी काटक्यांचा भारा शेजारी ठेवून बसली होती. आम्हाला बघून ती उठली, भारा डोक्यावर घेतला आणि निघाली. मी यांचा हात घट्ट धरला. म्हटलं, "बघा. बसतात."

ते गेले आणि तिथेच बसले. दोन्ही तळहात सिमेंटवर ठेवून खालीवर पाहिलं. जाणकाराने बघावं तसं, खांब, गाळे, पाणी जायची वाट.

"विचार करून काढलाय कोणीतरी," ते म्हणाले. "माणसाचा विचार करून. कोणी काढला हा?"

"तुम्ही."

"नाही हो, बाई," ते अदबीने म्हणाले. "मी नाही. मी कुठला एवढा."

एकोणचाळीस वर्षं मला त्यांनी "अगं" सोडून दुसऱ्या शब्दाने हाक मारली नव्हती. मी पुलावर उभी राहून कोरड्या ओढ्याकडे बघत राहिले. एक वर्ष आधी आलो असतो तर, हे वाक्य तेव्हापासून माझ्याबरोबर राहायला आलं आहे, जात नाही.

मुक्काम तिथेच करायचा होता. पुलाच्या अलीकडे थोडी सपाट जागा होती, पण वेडीवाकडी, आणि रस्ता पूर्व-पश्चिम. सरळ आत घातली असती तर पाच मिनिटांचं काम होतं, नाक उत्तरेला आलं असतं. उस्तादने खिडकीतून मला विचारलंसुद्धा नाही. कागद डॅशबोर्डवर ठेवला, सूर्याकडे पाहिलं आणि गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. असा ट्रेलर मागे घेणं म्हणजे नाकी नऊ. चाक उजवीकडे फिरवलं की घर डावीकडे जातं. एकदा दगडाला लागलं, दोनदा पुन्हा रस्त्यावर काढावी लागली. मी मागे उभी राहून हात हलवत होते आणि धूळ खात होते.

हे कठड्यावरून बघत होते.

"एवढा खटाटोप कशाला चाललाय?" त्यांनी मला विचारलं.

"गाडीचं नाक दक्षिणेला करतोय."

"का बरं?"

"उत्तरेला डोकं येऊ नये म्हणून."

"कोणाचं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हटलं, "तुमच्या बायकोचं."

ते लगेच उठले. वही पायरीवर ठेवली, सदऱ्याला हात पुसले.

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. "तिला चालत नाही ते. ती असू दे म्हणेल, तुम्ही तिचं ऐकू नका." आणि रस्त्याच्या कडेला जाऊन, हात वर करून, ते उस्तादला गाडी अजून थोडी डावीकडे घ्यायला सांगू लागले.